खाऱ्या वाऱ्यातली पहिली लेन्स

मांडव्याच्या जेट्टीवर लाँचमधून उतरणाऱ्या चष्मेवाल्यांकडे जरा लक्ष द्या. जवळजवळ प्रत्येक जण चालता चालता शर्टाच्या टोकाने नाहीतर ओढणीने काचा पुसत असतो, आणि पुसून झाल्यावरही डोळे बारीक करूनच पुढे बघत असतो. काचेवर बसलेलं असतं ते मीठ. कोरड्या कापडाने ते निघत नाही, नुसतं पसरतं. पावसाळ्यात रेवस ते मुरूड हा रस्ता दुचाकीवरून काढणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. हेल्मेटची काच वर केली तर थेंब चष्म्यावर, खाली केली तर श्वासाची वाफ चष्म्यावर. मासळीबाजारात बर्फाच्या पेटीवर वाकलेल्या कोळणीचा चष्मा घामाने नाकावरून घसरतो. हात खवल्यांनी भरलेले असतात, म्हणून ती तो मनगटाने वर सारते. दिवसातून कितीदा, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे शहरातल्या पोरींचे नखरे, असं आमच्याकडे अजूनही बोललं जातं. मला ते पटत नाही. रायगडच्या गावागावांत कबड्डी आहे, आणि चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही. उणे चार नंबरचा पोरगा चष्मा मित्राच्या हातात देऊन चढाईला जातो, तेव्हा त्याला स्पष्ट दिसतं ते फक्त पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम वीतभर. त्यापुढचं सगळं धूसर. बोनस रेषा आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याचा हात तो सवयीने ओळखतो. रात्री प्रकाशझोतातले सामने असले की तेही कठीण. अशा मुलाला पहिल्यांदा लेन्स लावून मैदानात उतरताना बघितलं, की नखऱ्यांची भाषा गळून पडते.

पण लेन्स घेणं आणि लेन्सशी जुळवून घेणं यांत बरंच अंतर आहे, आणि आपल्याकडे दुकानातून घरी जाणाऱ्या माणसाला ते अंतर नीट समजावून दिलं जातंच असं नाही. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

अलिबागच्या बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात एका दुपारी मी बराच वेळ बसले होते. चौलकडची एक बारावीतली मुलगी पहिली लेन्स घालायला आली होती. सोबत मामी. टेबलावर स्वच्छ रुमाल, आडवा ठेवलेला आरसा, पंखा बंद. डोळे तपासणाऱ्या तरुणाने तिला आधी साबणाने हात धुवायला लावले आणि मग पुन्हा एकदा धुवायला लावले. कारण तिने सकाळी वेणी घातली होती आणि बोटांना खोबरेल होतं. ते एका धुण्यात जात नाही. तेलाचा अंश लेन्सला लागला की दिवसभर धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. हात पुसले तेही धागे न सुटणाऱ्या कापडाला.

मग तर्जनीच्या टोकावर लेन्स. सॉफ्ट लेन्सचा व्यास साधारण चौदा मिलिमीटर असतो आणि मधल्या भागाची जाडी मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास. ती ओली असते, आणि बोटापेक्षा डोळ्याचा ओलावा तिला जास्त धरतो म्हणून ती बोट सोडून डोळ्यावर बसते. बोटच ओलं राहिलं तर ती बोट सोडत नाही. त्या तरुणाने लेन्स उजेडात धरून तिला कड दाखवली. कड वाटीसारखी सरळ वर आली असेल तर बाजू बरोबर, बाहेर फाकली असेल तर उलटी. आधी उजवा डोळा, रोज उजवाच, म्हणजे दोन्ही नंबरांची अदलाबदल होत नाही. मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने वरची धरायची, तीही अगदी पापणीच्या केसांच्या मुळाशी, आणि नजर बोटाकडे न ठेवता वर छताकडे न्यायची.

मुलीचं बोट जवळ आलं की डोळा मिटत होता. पुन्हा बोट, पुन्हा मिटणं. ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला आपण सरसकट बुबुळ म्हणतो, त्यात चेतातंतूंची इतकी दाटी असते की शरीरात दुसरीकडे कुठे क्वचितच असेल. त्याच्याकडे येणारी कोणतीही वस्तू पापणीने अडवायची, हे जन्मापासूनचं काम आहे.

“आत गेली बिती तर गं? मागे सरकून मेंदूत जाऊन बसली तर?” मामींनी न राहवून विचारलं.

“मामी, मागे जायला वाटच नाही,” तो तरुण म्हणाला. त्याने पापणीच्या आतलं अस्तर कसं वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला येऊन जोडलेलं असतं ते कागदावर रेघ मारून दाखवलं. लेन्स वरच्या पापणीखाली सरकू शकते, दुमडून बसू शकते, पण त्या वळणापलीकडे जाऊ शकत नाही. मामींचा चेहरा थोडा सैल झाला. घरोघरी हीच भीती असते, आणि तिचं उत्तर कागदावरच्या एका रेघेत देता येतं, हे मला फार आवडलं.

लेन्स बसली. डोळा पाण्याने भरला, दोन-चार वेळा जोरात मिटला, आणि मग मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. घालण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागला. वर बघून लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि तिथे चिमटीत धरायची. बुबुळावरच चिमटा घेतला तर ओरखडा येतो. त्या दुकानाचा नियम होता की स्वतःच्या हाताने घालून, काढून, पुन्हा घालून दाखवल्याशिवाय लेन्स घरी न्यायची नाही. हा नियम सगळीकडे असता तर या लेखातला अर्धा मजकूर लिहावा लागला नसता.

तिच्या बोटावरच्या या लेन्सची गोष्ट सुरू होते काचेपासून. माणसाच्या डोळ्यांवर थेट काच ठेवण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न १८८० च्या दशकाच्या शेवटी झाले. झुरिकमध्ये ॲडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्स आधी सशांच्या डोळ्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यांवर घालून बघितल्या. जर्मनीत ऑगस्ट म्युलर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याचा स्वतःचा नंबर उणे चौदा होता. त्याने केलेली काचेची लेन्स डोळा बधिर करूनही त्याला अर्ध्या तासापलीकडे सोसवली नाही. पुढे प्लॅस्टिक आलं, बुबुळापुरत्या लहान कडक लेन्स आल्या. आज आपण वापरतो त्या मऊ, पाणी शोषणाऱ्या लेन्सचा रस्ता मोकळा केला चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी. १९६१ च्या नाताळात प्रागमध्ये, आपल्या घरातच, मुलांच्या ‘मेर्कुर’ या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून त्यांनी फिरत्या साच्यात लेन्स ओतायचं यंत्र उभं केलं. अमेरिकेत त्या मऊ लेन्सला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे चौलच्या मुलीच्या बोटावर बसलेली ती वस्तू तिच्या आजीच्या उमेदीच्या काळात जगाच्या बाजारात आली.

पहिल्या आठवड्याबद्दल थोडं. पहिल्या दिवशी साधारण चार तास, मग रोज तास-दोन तास वाढवत आठ-दहा तासांपर्यंत जायचं, असं बहुतेक तपासनीस सांगतात. मऊ लेन्सची टोचणी दोन-चार दिवसांत विसरायला होते. कडक लेन्सला आठवडे लागतात. टोचणी कमी होण्याऐवजी वाढत असेल, उजेड सोसवत नसेल, तर सवय होईल म्हणून वाट बघायची नाही.

बघण्याची सवय मात्र वेगळीच लागते. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यावरच असते, म्हणून मोठ्या नंबराला दोन्ही आकडे एक येत नाहीत. चष्मा उणे सहाचा असेल तर लेन्स साडेपाचच्या आसपास लागते. चष्म्याचाच कागद दाखवून लेन्स मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय उणे नंबरच्या चष्म्यातून सगळं थोडं लहान दिसतं. लेन्स घातली की माणसं, पायऱ्या, ताटातली भाकरी, सगळं थोडं मोठं आणि जवळ आल्यासारखं वाटतं. पहिले काही दिवस जिना उतरताना कठडा धरायला हरकत नाही, आणि दुचाकी तर एवढ्यात चालवूच नये.

यातली सगळ्यात बारीक गोष्ट मला पेणमध्ये कळली. पेण आणि हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांतलं सर्वांत नाजूक काम डोळ्यांच्या आखणीचं. बाकी रंग स्प्रेने होतो, घासकाम नवखी पोरं करतात, पण आखणीला हातही अनुभवी लागतो आणि नजरही. चाळिशीला टेकलेल्या, उणे पाच नंबरच्या एका कारागिराने लेन्स घेतल्या आणि महिन्याभरात कपाटात ठेवून दिल्या. “गाडीवर मस्त वाटायचं. पण मूर्ती समोर घेतली की डोळा जमेना,” तो म्हणाला.

त्याचं कारण साधं आहे, पण त्याला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. उणे पाच नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय बरोबर वीस सेंटिमीटरवरचं लख्ख दिसतं, काही जोर न लावता. इतकी वर्षं हा माणूस आखणीला बसताना चष्मा कपाळावर चढवत होता आणि आपल्याच नंबराचा भिंगासारखा उपयोग करून घेत होता. बुबुळाभोवतीची ती केसाएवढी काळी रेघ त्याने त्याच बळावर ओढली होती. लेन्स घातल्यावर ती कपाळावर चढवता येत नाही. मग वीस सेंटिमीटरवरचं बघायला डोळ्यातल्या भिंगाला स्वतः फुगावं लागतं, आणि चाळिशीत ती ताकद ओसरलेली असते. उणे नंबरचा चष्मा सोडून लेन्सवर आलेल्या चाळिशीच्या माणसाला पेपर वाचणंही आधीपेक्षा जड जातं, तेही याच कारणाने. आता हा कारागीर सीझनच्या दिवसांत चष्मा लावतो आणि एरवी, लग्नकार्याला, प्रवासाला लेन्स. शाडूची आणि प्लास्टरची धूळ उडत असताना लेन्स डोळ्यांत नसलेलीच बरी, हा वरचा फायदा.

आता पाणी. सॉफ्ट लेन्सचा पहिला नियम असा की तिला पाणी लागता कामा नये. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलं नाही, बाटलीतलं नाही. फक्त लेन्सचं म्हणून मिळणारं द्रावण. हा नियम मुंबईतल्या फ्लॅटमध्ये पाळणं एक, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या अष्टागरात पाळणं दुसरं. इथे वाडीत विहीर आहे, देवळापुढे तळं आहे, दाराशी खाडी आहे, चार महिने आभाळातून धार आहे. पोरं विहिरीत पोहायला शिकतात. आंघोळीला बसलं की पहिला तांब्या डोक्यावरून. तोंड धुताना डोळ्यांवर पाण्याचे हबके मारायचे, हे तर आजीने शिकवलेलं आरोग्य.

नियमाचं कारण आहे अकँथअमीबा नावाचा एकपेशी जीव. तो माती, विहिरी, तळी, टाक्या, सगळीकडे सापडतो. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या कवचाला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पुरेसं पडत नाही. एरवी तो पापणीच्या उघडझापीत धुऊन जातो. लेन्सला मात्र चिकटतो, लेन्सखाली दबून राहतो, आणि बुबुळावर बारीकसा ओरखडा मिळाला की आत शिरतो. डोळा बाहेरून दिसतो त्याच्या मानाने दुखणं प्रचंड असतं. उपचार महिनोन् महिने चालतात, आणि बरं झाल्यावरही बुबुळावर फूल राहू शकतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः लेन्सवाल्यांचा. भारतात मात्र त्याचे बहुतेक रुग्ण लेन्स न घालणारेच असतात. शेतात डोळ्याला मार लागलेले, गढूळ पाणी डोळ्यांत गेलेले. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हा जीव आपल्या पाण्यात आणि मातीत आहेच, आणि लेन्स घालून आपण त्याला टेकायला जागा देतो.

किनाऱ्यावर एक समज पक्का आहे की खारं पाणी डोळ्याला चांगलं. त्यातूनच कुणीतरी सुचवतं की द्रावण संपलं तर उकळलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक. अमेरिकेत १९८० च्या दशकात लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरी लेन्सचं पाणी करत, आणि तिथल्या अकँथअमीबाच्या रुग्णांचा माग त्या घरगुती पाण्यापर्यंत गेला. मीठ घातल्याने पाणी अश्रूंइतकं खारट होईल, निर्जंतुक होणार नाही. अश्रूंत मीठ एक टक्क्याहून थोडं कमी असतं, समुद्रात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून काशीदला लाट तोंडावर आली की लेन्स सुटून वाहून जाऊ शकते, आणि गोड्या पाण्यात उलट ती डोळ्याला घट्ट चिकटते. विहिरीतून वर आल्यावर ती ओढून काढू नये. द्रावणाचे नाहीतर अश्रूंसारख्या ड्रॉप्सचे थेंब घालून ती हलू लागेपर्यंत थांबावं. पोहणाऱ्यांसाठी नंबरचे गॉगल मिळतात. आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहेत.

डबीबद्दल कुणी बोलत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. रोज सकाळी जुनं द्रावण ओतून टाकायचं, डबी नव्या द्रावणाने विसळायची, पुसायची, उघडी उपडी ठेवायची. उरलेल्या द्रावणात वरून थोडं नवं घालायचं नाही. २००६ मध्ये बॉश अँड लाँब कंपनीला तिचं एक द्रावण जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्यांच्या बुबुळांना फ्युजेरियम बुरशीची लागण झाली होती. त्या तपासात जुन्यात नवं ओतण्याची सवयही पुढे आली. आपल्याकडे जुलैत कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी होते, पापड सादळतात, कपडे तीन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत डबी कशी वाळणार? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रायगडच्या पावसाळ्यात नव्या माणसाने रोज फेकायच्या लेन्स वापराव्यात, आणि त्या परवडत नसतील तर ते चार महिने चष्म्यावर काढावेत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा तर लेन्सला हात लावायचंच कारण नव्हतं.

मग दिवाळी. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं आणि डोक्यावरून पाणी. लेन्स त्यानंतर, हात दोनदा धुऊन. फटाके उडवताना लेन्स नकोच. आणि भातझोडणी सुरू असेल तर खळ्यावरही नको. भाताचं कुसळ डोळ्यात गेलं तर बुरशीचा व्रण होऊ शकतो, आणि लेन्स असली तर टोचणी तिची की कुसळाची हे कळायला उशीर होतो.

झोपेचं गणित मोजलेलं आहे. १९८९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसा सॉफ्ट लेन्स घालून रात्री काढणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला साधारण चार जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला. घालून झोपणाऱ्यांत ते प्रमाण वीसच्या वर होतं. बुबुळाला रक्तवाहिन्या नाहीत, प्राणवायू ते हवेतून घेतं, आणि मिटलेल्या पापणीआड तो आधीच कमी. १९९९ पासून आलेल्या सिलिकॉनच्या लेन्समधून प्राणवायू भरपूर जातो, पण झोपेतल्या संसर्गाचा धोका त्यांनीही म्हणावा तसा घटवला नाही. मुंबईहून शेवटच्या एसटीने येताना वडखळला लागलेली डुलकीसुद्धा यात धरायची. हळदीच्या रात्री तर फारच जपावं. आगरी-कोळ्यांची हळद पहाटेपर्यंत चालते, मुली संध्याकाळी पाचला लेन्स घालतात आणि मेकअपसकट आडव्या होतात.

लग्नाचीच दुसरी गोष्ट, नवरीची. बघायच्या कार्यक्रमापासून तिचा चष्मा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपलेला असतो, म्हणून लग्नाच्या चार दिवस आधी लेन्स आणतात. होमाचा धूर, डोळ्यांवर येणाऱ्या अक्षता, रडणं, काजळ, झोप नाही. पहिल्या लेन्ससाठी याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही. आणायची तर महिनाभर आधी आणावी. आणि घाऱ्या डोळ्यांची हौस म्हणून बिननंबरच्या रंगीत लेन्स मैत्रिणींत फिरवू नयेत. बुबुळाच्या वक्रतेचं माप त्यांनाही लागतं, आणि एकीच्या डोळ्यातलं दुसरीच्या डोळ्यात जातं.

काहींना मात्र लेन्स हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून लागते. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, त्या केरॅटोकोनसमध्ये चष्म्याने नीट दिसत नाही, कडक लेन्सने दिसतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशीपुढच्या प्रौढांत त्याचं प्रमाण २.३ टक्के आढळलं होतं. जो मुलगा सारखे डोळे चोळतो आणि ज्याचा तिरका नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला नुसत्या चष्म्याच्या दुकानात न नेता बुबुळाचा नकाशा काढणाऱ्या ठिकाणी न्यावं. उलट, वर्षानुवर्षं होडीवर ऊन-वारा खाल्लेल्यांच्या डोळ्यात वडस वाढलेला असेल, तर लेन्स नीट बसतच नाही. त्यांना गॉगल आणि चष्माच बरा.

आणि डोळा लाल झालाच तर? लेन्स त्याच क्षणी काढायची, दोन्ही डोळ्यांतली. मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून घालायचे नाहीत. त्यांनी लाली उतरते आणि आत जंतू वाढत राहतो. रात्री दुखायला लागलं तर सकाळी बघू म्हणून थांबू नका, कारण काही जंतू एका रात्रीत बुबुळ पोखरतात. मुरूडहून अलिबाग पन्नास किलोमीटर, जिल्हा रुग्णालय तिथे आहे. श्रीवर्धन, म्हसळ्याची वाट त्याहून लांबची. बुबुळाच्या तज्ज्ञांसाठी पनवेलचं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट नाहीतर मुंबईचं जे. जे. गाठावं लागतं, आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात हे आधीच मनात धरून निघायला हवं. जाताना काढलेली लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली फेकून देऊ नका. डबीतलं पाणीही ओतू नका. सगळं स्वच्छ पिशवीत बांधून सोबत न्या. बुबुळावरून खरवडून घेतलेला नमुना फार थोडा असतो, त्यात कधी काही उगवत नाही, आणि मग जंतू कोणता ते डबीतल्या त्या पाण्यावरून कळू शकतं.